सावित्रम्मांच्या छातीतली पहारेकरीण

मी एक पेशी बोलतेय. जरा लांबूनच ऐका. ओळख पटल्याशिवाय मी कुणाला जवळ करत नाही, तुम्हालाही नाही.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या सावित्रम्मांच्या फुप्फुसात माझा पहारा असतो. हाडाच्या मगजात जन्मले, रक्तातून वाहत इथं आले. श्वासाबरोबर जो कुणी आत घुसेल त्याला गिळायचं आणि पचवायचं, एवढंच काम. लोक मला संशयी म्हणतील. म्हणोत बापडे. विश्वास ठेवून छाती राखता येत नाही.

सावित्रम्मा दिवसभर सूप घेऊन बसतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. शेजारीच त्यांची तान्ही नात महेश्वरी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली असते. तंबाखूची धूळ उडते ती माझ्या पोटात. पचत काही नाही, नुसती साठते. खोकला आला की सावित्रम्मा गुळाचा खडा तोंडात टाकतात. "तंबाखूचा खोकला हाय, गुळानं उतरतो की!" गल्लीतल्या सगळ्याच बायका असं म्हणतात.

मग मध्यंतरी विडी कारखान्यानं पान-तंबाखू देणं थांबवलं. सूप रिकामं पडलं, धूळ बंद झाली. तरी खोकला थांबेना, आणि माझ्या पोटात काहीतरी टोचू लागलं. मला शंका आली. धूळ टोचत नाही, मग हे काय?

मी स्वतःचंच घर झाडायला घेतलं. एका पिशवीत काडीसारखा एक जंतू निवांत बसला होता. क्षयाचा! धुळीबरोबर कधीतरी मीच त्याला गिळलं होतं. गिळलेल्याची पिशवी आमच्या आम्लाच्या पिशवीला जोडायची, म्हणजे आतला विरघळतो, अशी आमची रीत. या लबाडानं ती जोडणीच अडवून धरली होती. वर पिशवीला भोकं पाडून तो माझ्या घरात पाय पसरत होता, एकाचे कितीतरी झाले होते. मला भयंकर राग आला.

पण भोक पडलं की आमच्या घरात बोंब होते. फाटक्या पिशवीवर खुणेचे ठिपके चिकटतात. मग तिच्याभोवती नवी दुपदरी चादर विणली जाते, चोरासकट सगळं तिच्यात गुंडाळलं जातं आणि ते गाठोडं आम्लात रिकामं होतं. याला स्वभक्षण म्हणतात. एरवी आम्ही आमचं मोडकं सामान असंच खाऊन टाकतो. त्या चुलीत मी चोर घातला. बरेचसे जंतू विरघळले. सगळे नाही. धुळीनं पोट जड झालेलं, चादर पुरी पडेना. शेजारच्या पेशी तर फुटल्याच, आणि त्यांच्यातले जंतू मोकळे झाले.

बाहेर कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे मला तसं वाटत होतं. एका सकाळी शेजारची झीनत आली. तीही विड्याच वळते. दारातच थांबून ती खोकला ऐकत राहिली.

"अक्का, कारखाना बंद हाय. घरात तंबाखू न्हाय. मग ह्यो खोकला कुटनं येतोय?"

"जुनाच हाय गं. गूळ खाल्ला की बसंल."

"मी बी तवापासनं वळाय बसले न्हाय. मला कुटं येतोय? तुमी लई वाळलाय अक्का. दवाखान्यात चला."

"टीबी निघाला तर? कारखानावाला पान दील काय मला?"

 झीनतनं महेश्वरीकडं बोट केलं. "आन् हिला झाला तर?"

सावित्रम्मांनी नातीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.  मग उठून पदर तोंडाला लावला.

आता मी दवाखान्यातल्या छोट्या डबीत आहे. सावित्रम्मांनी खोल खोकून बेडका टाकला, त्यात मीही आले. थोड्या वेळात मला काचेवर पसरतील, रंग देतील. माझा शेवट तिथंच आहे, त्याचं मला फार वाईट वाटत नाही.

पण भिंगातून बघणाऱ्या बाबा, एवढं ऐक. माझं पोट धुळीनं भरलेलं दिसेल. तंबाखूच आहे म्हणून काच बाजूला सारू नकोस. जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला, आज तू माझ्यावर घे. दुपदरी गाठोड्यात अजून दोन-चार जंतू आहेत, मी त्यांना सोडलेलं नाही. निळ्या रंगात लाल काड्या दिसतील. नीट बघ रे. बाहेर बाकावर सावित्रम्मा बसल्यात, आणि आज महेश्वरी झीनतच्या मांडीवर झोपली आहे.