तीनदा वाचणारा माणूस

"अहो, निदान तोंडावरचा साबण तरी पुसा!"

मी ओरडले, पण ऐकतंय कोण? फोन वाजला की आमच्या ह्यांना साबण दिसत नाही, चहा दिसत नाही आणि बायको तर नाहीच नाही. एका गालावर फेस तसाच ठेवून हे टेबलापाशी येऊन बसले.

"हं, बोला ताई. काय दाखवताय?"

"दादा, ही गोळ्यांची पट्टी कसली आहे हो?"

"थोडी वर धरा. आणखी थोडी. आता हात हलवू नका."

ह्यांनी गोळीचं नाव वाचलं, ताकद वाचली, मुदतीची तारीख वाचली. मग पट्टी उलटी करायला सांगून पुन्हा सगळं वाचलं. बाई आभार मानायला लागल्या तर म्हणाले, "थांबा, डब्यात ठेवताना परत एकदा दाखवा." आणि तिसऱ्यांदा वाचलं. तोवर गालावरचा फेस वाळून त्याचे पापुद्रे निघायला लागले होते.

ह्यांनी एका दवाखान्यात चौतीस वर्षं कंपाउंडर म्हणून काढली. फळीवरून बाटली काढताना एकदा, औषध ओतताना दुसऱ्यांदा आणि बाटली परत ठेवताना तिसऱ्यांदा लेबल वाचायचं, हे त्यांना तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही बाटली चुकली नाही. हे सांगताना ते कधी छाती फुगवत नाहीत, म्हणून ते काम मी करते.

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने ह्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा दवाखाना करून टाकला. मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर'. "मला दिसतं हो!" मी डोक्याला हात लावायचे. शेवटी लेकीलाच दया आली, बापाची की माझी देव जाणे. तिने ह्यांच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं त्यावरून फोन लावतात, जो मोकळा असेल तो स्वयंसेवक उचलतो आणि कॅमेऱ्यातून बघून समोर काय आहे ते सांगतो. तेव्हापासून चार वर्षं, सकाळी दहा ते दुपारी एक, आमचं टेबल म्हणजे ह्यांचा दवाखाना झालं. पगार शून्य.

ते शून्य मला खुपायचं. मी शिवणकाम करते. आयुष्यात मी फुकट टाका घातलेला नाही. "जरा एवढं बटण लावून द्या" म्हणत येणारे खूप असतात. मी बटण लावते आणि हात पुढे करते. लाज कसली? सुई माझी, डोळे माझे, वेळ माझा. लेकही माझ्याच वळणावर गेलेली. ती म्हणायची, "बाबा, ही कंपनी काही हवेवर चालत नाही. मोठ्या दवाखान्यांकडून, दुकानांकडून पैसे घेते ती. तुम्ही तेवढे फुकट."

हे नुसते हसायचे.

आणि मग गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. आता सगळ्याच स्वयंसेवकांना दर कॉलमागे मानधन मिळणार, फक्त नव्या अटींना होकार द्यायचा. मी तर मशीनवरून उठून टाळीच वाजवली. ह्यांनी मात्र पत्र वाचलं. तीनदाच, दुसरं काय!

"दोन मिनिटांत कॉल संपवायचा म्हणतात," हे म्हणाले.

"मग भराभर बोला! रेडिओसारखं लांबण लावायला कुणी सांगितलंय?"

"अगं, दोन मिनिटांत एकदाच वाचून होतं."

"जगातली माणसं एकदाच वाचतात. चालतंच ना त्यांचं?"

हे मी म्हणाले. अगदी ह्याच तोंडाने म्हणाले. लेकीनेही फोनवरून री ओढली आणि आम्हा दोघींपुढे ह्यांचं काय चालणार? त्यांनी होकाराचं बटण दाबलं.

तीन दिवस ह्यांनी एकदाच वाचलं. कॉल पटापट संपायचे, फोनवर हिरवी खूण यायची. ती खूण बघून मला बरं वाटायचं आणि ह्यांच्याकडे बघून वाटायचं नाही. जेवताना हे घास हातात धरून बसायचे. "त्या सकाळच्या माणसाने पट्टी बरोबर डब्यात ठेवली असेल ना?" असं मलाच विचारायचे. मला काय ठाऊक!

चौथ्या दिवशी एका तरुण बाईचा फोन आला. तिच्या लेकीचा डोळा लाल झाला होता. घरात थेंबांची दोन खोकी होती, एक डोळ्याचं आणि एक कानाचं. "डोळ्याच्या खोक्याला मी रबर लावून ठेवलंय," ती म्हणाली, "पण एकदा खात्री करा ना, काका."

ह्यांनी खोकं वाचलं. डोळ्याचेच थेंब, मुदतही शिल्लक. तेवढ्यात दोन मिनिटांची घंटी वाजली. बाई म्हणाली, "बरं काका, घालते मग."

मी मशीन थांबवून बघायला लागले. ह्यांचा अंगठा कॉल बंद करायच्या लाल बटणावर होता, आणि त्यांनी तो उचलून घेतला.

"थांबा ताई. बाटली खोक्यातून बाहेर काढा. दाखवा मला. बोट जरा बाजूला घ्या."

मग त्यांनी लेबल वाचलं. बाटली कानाच्या थेंबांची होती.

ह्यांचा आवाज मात्र तसूभरही हलला नाही. "ही डोळ्यात घालायची नाही हं. खाली ठेवा. आता दुसरं खोकं उघडा." दुसऱ्या खोक्यात डोळ्याची बाटली निघाली. बाईच्या लक्षात आलं, आदल्या दिवशी मदतीला आलेल्या शेजारणीने सगळं आवरताना बाटल्यांची अदलाबदल केली होती. बाई रडायला लागली. ह्यांनी तिला रडू दिलं, मग डोळ्याची बाटली पुन्हा वाचली, थेंब घालून होईपर्यंत थांबले आणि दोन्ही बाटल्या आपापल्या खोक्यांत जाताना तिसऱ्यांदा वाचल्या. सगळी मिळून अकरा मिनिटं.

"काका, तुमचं नाव काय?" तिने विचारलं.

"कंपाउंडर," हे म्हणाले.

फोनवर लाल अक्षरं उमटली होती : मर्यादेबाहेरचा कॉल, मानधन नाही. त्या दिवसापासून हे पुन्हा तीनदा वाचायला लागले आणि रोज लाल अक्षरं यायला लागली. आठवड्याने कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. गोड बोलत होती बिचारी.

"काका, तुमचं काम चांगलंय, पण वेळ फार लागतो. लोक रांगेत असतात. एकदाच वाचा ना."

"बाळ, रांग मी चौतीस वर्षं बघितली आहे. रांग लांबली तर माणसं वाढवायची. वाचन कमी नाही करायचं."

"मग तुम्हाला मानधन नको का?"

"हवंय की! पगार घेऊनच तर जगलो. पण तीनदा वाचण्याचे देत असाल तर द्या. एकदा वाचण्याचे मला घेता येत नाहीत."

"तशी सोय नाही हो, काका."

"मग पैसे राहू देत. पूर्वीसारखं फुकट करू दे."

"तीही सोय आता नाही."

मी मशीनवरून उठलेच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. म्हणजे काम चोख करणाऱ्याला पैसे देऊन नाही आणि फुकटही नाही? फोन हिसकावून चार शब्द सुनावणार होते, पण ह्यांनी हाताने थांबवलं. त्या मुलीला म्हणाले, "बाळ, तू तुझं काम केलंस. मी माझं केलं." शुक्रवारी त्यांचं खातं बंद झालं.

आजही मला वाटतं, पैसे द्यायलाच हवेत. फुकट राबवून घेणं मला कधीच पटायचं नाही. पण त्या दिवशी माझ्या नवऱ्याने ज्या आवाजात "मला घेता येत नाहीत" म्हटलं, तो आवाज ऐकून माझीच मान ताठ झाली. ह्यांना मात्र तसं बोलले नाही. चाळीस वर्षांत कधी बोलले नाही, तर आता काय बोलणार!

सोमवारी हे वेळेआधीच दाढी आटोपून बसले. दोन्ही गाल स्वच्छ. दहा वाजले. फोन टेबलावर पालथा पडून होता आणि हे चष्मा पुसत होते. मग पुन्हा पुसायला लागले. मला ते बघवेना. आत जाऊन मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आणली. बारा वर्षं घेते ती गोळी, झोपेतही ओळखेन.

"अहो, ही कसली गोळी आहे, बघता का जरा?"

ह्यांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं. खुर्ची पुढे ओढून नीट बसले.

"जरा वर धर. आणखी थोडी. आता हात हलवू नकोस."

त्यांनी वाचलं. मी पट्टी उलटी केली, त्यांनी पुन्हा वाचलं. मग मी उठून डबा घेऊन आले आणि पट्टी आत ठेवायच्या आधी हात थांबवून उभी राहिले, त्यांचं तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत.