हातातला पेला

माझी सून सकाळी लेकीची वेणी घालताना तिला आपलं स्वप्न सांगते. मी पलीकडच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत असतो आणि मध्ये नुसता पडदा आहे. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताच्या झटक्यानं माझी डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. कानांना मात्र काही झालं नाही.

"काल कुठलं हॉटेल?" नात विचारते. ती नऊ वर्षांची आहे आणि या स्वप्नांची तिला चटकच लागली आहे.

"काल मोठं होतं. भूक अशी लागलेली की विचारू नकोस. सगळा रस्ता पालथा घातला तेव्हा कुठे एक टेबल मिळालं. जेवण आलं, वाफ निघत होती. पण चमचा टेबलाला साखळीनं बांधलेला. बँकेत पेन बांधतात ना, तसा. आणि साखळी तोंडापर्यंत पुरेना."

"मग वाकायचं की."

"वाकले. तर टेबल खाली खाली जायला लागलं."

नात खिदळायची आणि पडद्याआड मीही हसायचो. एकदा वेटरनं ऑर्डर लिहून घेतली आणि एप्रन तिच्याच गळ्यात अडकवला. एकदा मेनूकार्डावर पदार्थांच्या जागी माझ्या औषधांच्या वेळा छापल्या होत्या. मग एका मंगळवारी तिनं काचेच्या दाराचं स्वप्न सांगितलं. आतली माणसं जेवत होती आणि हातानं खुणावत होती, ढकला, ढकला.

"मग ढकलायचं ना."

"कशानं ढकलू? दोन्ही हातांत आजोबांचा पेला होता."

"खाली ठेवायचा."

"सांडला असता."

"आजोबा पण होते?"

"नव्हते. नुसता पेला."

त्या दिवशी मला हसू आलं नाही.

या पेल्याबद्दल सांगायला हवं. झटक्यानंतर माझं गिळणं बिघडलं. साधं पाणी घशाऐवजी श्वासनलिकेत उतरतं. म्हणून पाण्यात एक पूड कालवून ते दाट करावं लागतं आणि जेवण कुस्करून मऊ. घास तोंडात घेतला की हनुवटी छातीकडे न्यायची, दोनदा गिळायचं, मग पुढचा घास. समोर कुणीतरी लक्ष ठेवून बसायलाच हवं. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाऊण तास. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, ते तिनं सोडलं. दोन जेवणांमधल्या वेळात जाऊन येता येईल, त्यापेक्षा लांब ती दीड वर्षात कुठे गेलेली नाही, आणि स्वतः जेवते ती ओट्याशी उभी राहून.

आणि माझा मुलगा? तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. अडकलेल्या माणसांशी फोनवर इतका शांत बोलतो की ऐकत राहावं. पण सुरुवातीच्या दिवसांत त्यानं मला प्रेमानं चहात बुडवलेलं बिस्किट भरवलं, मला ठसका लागला आणि मी निळा पडलो. तेव्हापासून चमचा म्हटला की त्याला काहीतरी काम आठवतं.

चौतीस वर्षं मी पहिलीची पोरं शिकवली. पेन्सिल धरता न येणाऱ्या पोराच्या हातातून पेन्सिल काढून घ्यायची नाही, एवढं एकच शास्त्र मला येतं. त्या मंगळवारी संध्याकाळी सून खाली कचरा टाकायला गेली तेव्हा मी मुलाला म्हटलं, "बस इथे. आजपासून शिकवणी."

"बाबा, माझ्याच्यानं नाही होणार."

"पहिलीतही हेच म्हणत होतास, तरी पास झालास."

पहिल्या दिवशी मी त्यालाच दाट पाणी प्यायला लावलं. त्यानं तोंड वाकडं केलं. "हे रोज पिता तुम्ही?"

"रोज. तू कालवलेलं तर आज चावावं लागणार आहे. गुठळ्या मोड."

चार दिवस नुसतं कालवणं. पाचव्या दिवशी चमचा. त्यानं तो घाईनं पुढे केला आणि निम्मा भात माझ्या सदऱ्यावर पडला.

"लिफ्टमधल्या माणसाला तू काय सांगतोस?"

"घाबरू नका, मी बाहेरच उभा आहे."

"मग मलाही सांग."

त्यानं मान खाली घालून सांगितलं आणि पुढचा घास नीट तोंडात आला. सून दारात येऊन उभी होती.

दोन आठवड्यांनी मी तिला म्हटलं, "रविवारी दुपारी बहिणीबरोबर बाहेर जेवून ये. पोरीलाही ने. माझं हा बघेल."

"कशाला बाबा, घरात आहे की सगळं."

"घरातलं आम्ही खाऊ."

तीन दिवस तिनं कारणं काढली. चौथ्या दिवशी ती संपली. रविवारी निघताना तिनं नवऱ्याला सगळं तीनदा सांगितलं, तरी पायरीवरून परत आली. "ठसका लागला तर पाठीवर थापट्या मारत बसू नकोस. पुढे वाकव."

"माहीत आहे गं. जा आता."

मी खिडकीतून पाहिलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली छोटं अंगण आणि लोखंडी फाटक. नातीचा हात धरून ती बाहेर पडली. हॉटेल कोपऱ्यावरच, चालत पाच मिनिटं.

साडेबाराला आम्ही बसलो. कुस्करलेला बटाटा आणि मऊ भात. मुलगा घड्याळ नाही, माझा गळा बघत होता. अर्धी वाटी संपत आली तेव्हा कडी वाजली आणि सून आत आली. एकटीच. चपलाही काढल्या नव्हत्या.

"काय झालं?" मुलगा उठायलाच लागला.

"काही नाही. मागच्या टेबलावर कुणीतरी ठसकलं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी उठून त्यांच्या हातातला ग्लासच काढून घेतला. ते म्हणाले, अहो बाई, हे काय? मग मी पोरीला ताईपाशी बसवून आले."

"जेवलीस?"

"ताट अजून यायचं होतं." तिनं चमच्यासाठी हात पुढे केला. "दे इकडे. गार झालं असेल ते."

मी तोंड मिटून घेतलं.

"बाबा, तोंड उघडा."

मी मान हलवली. दुसरं काय होतं माझ्या हातात? एवढं एकच दार मला आतून लावता येतं.

तिच्या पर्समधला फोन वाजला. बहिणीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अगं ताट आलंय. आहेस कुठे?"

"येते. बाबांचं होऊ दे."

म्हणजे मी जेवल्याशिवाय ती जाणार नव्हती, आणि ती गेल्याशिवाय मी जेवणार नव्हतो. मुलगा चमचा उचलून आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या लक्षात आलं, की मी तिचीच पेन्सिल हिसकावत होतो. तिनं कधी उठायचं, कुठे जायचं, हेही आता मीच ठरवणार होतो.

मी मुलाकडे बघून तोंड उघडलं.

त्यानं घास दिला. मी हनुवटी खाली नेली, दोनदा गिळलं. सून उभ्यानं बघत होती. दुसरा घास. तिसरा. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"पेला डाव्या बाजूला ठेवू नकोस," ती म्हणाली. "तिकडचा लुळा हात घसरला की सांडतो."

"बरं," मुलानं पेला उजवीकडे घेतला.

ती आणखी थोडा वेळ थांबली. मग कडी वाजली.

खिडकीतून मला ती अंगणात दिसली. फाटकापर्यंत गेली आणि गजावर हात ठेवून उभी राहिली. बाहेर जात नव्हती, मागेही वळत नव्हती. दोन्ही हात मोकळे होते तिचे.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "घास तोंडात आहे. गिळा."

मान वळवून गिळायची मला सोय नाही. मी हनुवटी छातीकडे नेली. समोर फक्त वाटी. एकदा गिळलं. दुसऱ्यांदा गिळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

वर पाहिलं तेव्हा फाटकापाशी कुणी नव्हतं. मुलगाही चमचा हातात धरून थांबला होता. जिन्यावर पावलं वाजतात का, ते आम्ही दोघं ऐकत बसलो.