ताइतात शिवलेली पट्टी

पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?

"नाही म्हण! नाही म्हण त्याला!" जिपार काउंटरवरून अर्धी आत वाकली.

"नाहीच म्हणतोय, एजे," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा युसुप तिला ताई म्हणावं तसं म्हणाला. "माउसला हात तरी पोचू दे."

"थांब की जरा! घोडं पळून चाललंय का तुझं? आधी नीट वाच काय लिहिलंय ते!"

युसुप थांबलेलाच होता, घाई हिचीच चालली होती. पण घाई कुणाचीही असो, जिपार हे वाक्य समोरच्याच्याच अंगावर फेकायची. काराकोलच्या या बाजारात तिचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं आणि तिथल्या गिऱ्हाइकांना ते पाठ झालं होतं. एवढा तापटपणा आपल्यात आला कुठून, याचं तिला स्वतःलाच कोडं होतं. बाबांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही. आई तर, ज्याला विचारावं तो सांगायचा, दुधासारखी शांत बाई.

आई, उल्कान, गेली तेव्हा जिपार तीन वर्षांची होती. तिला आईचा चेहरा फोटोतून माहीत होता, आवाज नव्हता. तो एकाच जागी होता. अंगाईगीतं गोळा करत फिरणारे रेडिओवाले एकदा घरी आले होते, त्यांनी दिलेल्या फितीवर. मागच्या हिवाळ्यात बाबांनी ती फीत कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. कुजलेली फीत वाजता वाजता तुटत गेली. "एकदाच निघाला आवाज, पण निघाला," ते फोनवर म्हणाले. "रस्ता मोकळा झाला की ये, बसून ऐकू." रस्ता मोकळा व्हायच्या आत गावातली वीज एका रात्री गेली, आली, गेली, आली, आणि कॉम्प्युटर जळला. बर्फ वितळायच्या आत बाबाही गेले.

डिस्क घेऊन जिपार आतापर्यंत दोन दुकानं हिंडली होती. एकाने फॉरमॅट करू का विचारलं, दुसऱ्याने डिस्क मेली म्हणून सांगितलं आणि चहाही पाजला नाही. युसुप हा तिसरा.

"डिस्क मेलेली नाही," तो म्हणाला. "पण ही एकटी नव्हती. हिच्या जोडीला एक पट्टी असणार, बोटाएवढी. मोठी डिस्क हळू चालते ना, म्हणून पुढे ती बसवतात. नवीन काही आलं की आधी पट्टीवर पडतं, मग सवडीने डिस्कवर उतरतं. कुठे काय ठेवलंय तेही निम्मं तिलाच ठाऊक. वीज गेली तेव्हा उतरायचं राहून गेलं असणार. पट्टी कुठाय?"

जिपारने कपाळावर हात मारून घेतला.

बाबा चौऱ्याऐंशीचे होऊन गेले होते. एवढं आयुष्य लाभलेल्या माणसाची एखादी वस्तू आपल्याही घरात असावी, त्याचं वय आपल्या लेकराबाळांना लागावं, म्हणून माणसं हात पुढे करतात. त्या वस्तूला तेबेरिक म्हणतात. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला बाबांची टोपी, लांब अंगरख्यासारखा चपाण, चाबूक हां हां म्हणता संपले, आणि माणसं उरली. तेव्हा थोरला भाऊ मेदेर जळका कॉम्प्युटर घेऊन बसला. बाबांचा हात रोज यावरच असायचा, याहून चांगलं तेबेरिक कुठलं, असं म्हणून त्याने तो उघडला आणि मटणाचे वाटे घालावेत तसे वाटे घातले. डिस्क जिपारने मागून घेतली. आवाज हिच्यात आहे, बाकीचं लोखंड कुठे न्यायचं तिथे न्या, असं ती स्वतःच सगळ्यांदेखत म्हणाली होती.

तिने तिथूनच मेदेरला फोन लावला.

"बायके, अरे दादा, बोटाएवढी पट्टी कुणाला दिलीस?"

"हिरवी?"

"मला काय माहीत हिरवी का निळी! तू वाटल्यास ना?"

"ओरडू नकोस. पंखा जावयाला दिला. लांब हिरव्या दोन शेजाऱ्यांनी नेल्या. छोटी..." मेदेर निवांत आठवत राहिला, इकडे जिपारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "छोटी सायरा आपाला. हलकी होती, शिवायला बरी म्हणून."

"शिवायला?"

"तुर्सुनच्या ताइतात."

सायरा आपा म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तुर्सुन तिचा पणतू. त्याच्या आधीची दोन बाळं त्या घरात राहिली नव्हती, म्हणून याचं नाव असं ठेवलं होतं: टिकून राहो. जिपार पुढची मार्श्रुत्का व्हॅन पकडून आपाच्या गावी, अक-सूला गेली. आपाने बाळ छातीशी घट्ट धरलं आणि ऐकून घेतलं.

"ताईत बांधला आणि पोराचा खोकला गेला," ती म्हणाली. "आणि तू तो काढायला आलीस?"

"आपा, परत शिवून देते ना! माझा धंदाच शिवायचा आहे."

"एकदा गळ्यातून निघालं ते निघालं. उद्या याला काही झालं तर तुझ्या दारात येऊन बसू?"

जिपारला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. "सगळ्यांनी ऐकलाय तिचा आवाज!" ती ओरडली. "तुम्ही ऐकलाय, मेदेरने ऐकलाय, गावातल्या गाढवांनीसुद्धा ऐकलाय! माझीच आई आणि मीच तेवढी उरले!"

बाळ दचकून तिच्याकडे बघत राहिलं. आपाने त्याच्या गळ्यातला ताईत चाचपला.

"ताईत पोराच्या गळ्यातून निघणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पोरगंच घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी युसुपच्या दुकानात एकुलत्या एका खुर्चीवर आपा, आपाच्या मांडीवर तुर्सुन, आणि पुढे गुडघे टेकून जिपार, अशी बैठक बसली. आपाने मेण लावलेल्या दोऱ्याने असे टाके घातले होते की जणू खोगीरच शिवायचं होतं. त्यात तुर्सुन दर टाक्याला मान फिरवायचा. युसुपची थंडगार खायच्या अशलान-फू शेवयांची वाटी बाजूला कोमट होत चालली होती आणि तो तिच्याकडे हताशपणे बघत होता.

पट्टी निघाली. कडेला सुईचा ओरखडा होता, पण नुसताच ओरखडा. युसुपने त्याच जातीचा एक जुना बोर्ड शोधून ठेवला होता. त्याला पट्टी दिसली तर डिस्क दिसेना, डिस्क दिसली तर पट्टी दिसेना. पुन्हा तोच प्रश्न आला, फॉरमॅट करायची का, आणि जिपारने काउंटरवर मूठ आपटली. युसुपने सगळं काढून, पुसून, परत बसवलं. आपा तोंडातल्या तोंडात दुवा मागत होती, बहुतेक पोरासाठी.

आणि मग पडद्यावर बाबांची फोल्डरं उभी राहिली. शेवटच्याचं नाव होतं, उल्कान.

आधी खरखर आली. मग एक पुरुष म्हणाला, "हां, म्हणा." एका बाईने गायला सुरुवात केली. आवाज जाड होता, थोडा बसलेला. दोनच शब्द झाले आणि मध्येच एक पोर किरकिरलं, "आई, उचल." बाईने पुन्हा पहिल्यापासून धरलं. "आई, आई, उचल ना." पुन्हा पहिल्यापासून. "आई!"

"थांब की जरा!" बाई कडाडली. "घोडं पळून चाललंय का तुझं?"

फितीवरचा पुरुष हसला. काहीतरी धाडकन पडलं. मग उचलून घेतल्यासारखी कपड्यांची सळसळ झाली, आणि गाणं पुन्हा सुरू झालं. आता ते अगदी जवळून, कुणाच्या तरी केसांत तोंड खुपसून म्हटल्यासारखं येत होतं.

जिपार गुडघ्यांवरच बसून राहिली. तिने मान वळवून आपाकडे बघितलं. आपाने रुमालाचं टोक तोंडावर धरलं होतं आणि तिचे खांदे हसण्याने गदगदत होते, डोळे मात्र ओले होते.

"दुधासारखी शांत?" जिपारने विचारलं.

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट कसं बोलायचं गं, पोरी?"

"एजे, आधी कॉपी करून घेतो," युसुप हळूच म्हणाला आणि गाणं बंद करायला त्याने हात पुढे केला. "पट्टीचा भरवसा नाही. मग निवांत ऐक."

"थांब की जरा! घोडं पळून चाललंय का तुझं?"

युसुपचा हात जागच्या जागी राहिला. तुर्सुनने आधी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग जिपारकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे.