नावापुढचा पक्ष

सकाळी सातला गावच्या आगबंबवाल्यांच्या हॉलमधलं मतदान केंद्र उघडलं आणि सव्वासातला बर्नाडीन सेबोलला मतदारांच्या वहीत स्वतःच्याच नवऱ्याच्या नावापुढे 'रिपब्लिकन' छापलेलं दिसलं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. छापलेलं तेच होतं.

"रोझली, या ऑफिसवाल्यांचं डोकं फिरलंय का गं? एमिलला रिपब्लिकन करून टाकलंय!"

केंद्रप्रमुख रोझली फट्टोरी खो खो हसली. "मग उद्या पोपला बाप्टिस्ट करतील!"

हसण्यासारखंच होतं ते. एमिलचा बाप कोळशाच्या खाणीत राबलेला, एमिल स्वतः बावीस वर्षं कारखान्यात युनियनचा पुढारी. त्यांच्या स्वयंपाकघरात येशूच्या शेजारी एका जुन्या डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाची तसबीर होती आणि दोन्हींवरची धूळ एकाच फडक्याने झटकली जाई. त्यांच्या ब्रेकर हिल गावात एके काळी पोर जन्मलं की चर्चच्या वहीत नाव लागायचं आणि पक्ष विचारायची गरजच नसायची. आता ते दिवस गेले होते. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत गाव कुठे झुकेल, याचा कुणालाच पत्ता नसे. सगळ्या पेनसिल्व्हेनिया राज्याचीच तऱ्हा तशी, म्हणून दर चार वर्षांनी टीव्हीवाले कॅमेरे घेऊन टपकत. मागच्या खेपेला त्यांतल्या एकाला बर्नाडीनने ठणकावून सांगितलं होतं, "गावाचं मला विचारू नका. आमच्या घरची दोन मतं पक्की आहेत."

आज एप्रिलमधली प्राथमिक निवडणूक होती, पक्ष आपापला उमेदवार निवडतात ती. वहीत जो पक्ष, त्याच पक्षाची मतपत्रिका हातात मिळते. चूक दुरुस्त झाली नाही तर बिचाऱ्या एमिलला भलतीच मतपत्रिका घ्यावी लागणार, या काळजीने तिने नऊ वाजता काउंटीच्या निवडणूक ऑफिसला फोन लावला.

"चूक नाहीये, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "त्यांनी फॉर्म भरलाय. फेब्रुवारीत."

"सही कशी आहे?"

"मोठा ई आहे. खाली दोन रेघा."

बर्नाडीनने फोन ठेवला. एमिल दुधाच्या बिलावरसुद्धा दोन रेघा ओढायचा.

त्यानंतरचे दोन तास तिने माणसं आली तशी नावं वाचली. मतदार समोर उभा राहिला की त्याचं नाव मोठ्याने पुकारायचं आणि प्राथमिक निवडणूक असली की पक्षही पुकारायचा, असा नियम. गेली एकोणीस वर्षं ती पुकारत होती. तिचा आवाज मागच्या भिंतीपाशी बटाट्याचे तळलेले घारगे विकणाऱ्या चर्चच्या बायकांपर्यंत जाई. साडेअकराला एमिल तिचा डबा घेऊन यायचा आणि तेव्हाच मत देऊन जायचा, हेही सगळ्यांना पाठ होतं.

अकराला रोझली तिच्या कानाशी वाकली. आता ती हसत नव्हती. "तू जरा बाहेर जाऊन ये. त्याला मी पुकारते."

मोह झाला. पण दुसरीने पुकारलं म्हणून वहीतलं बदलणार थोडंच होतं! शिवाय आपण पळालो, हे उद्या सगळ्या गल्लीला कळणार. "नको," ती म्हणाली, "माझी वही आहे, मीच वाचीन."

साडेअकराला एमिल आला. डबा टेबलावर ठेवून तो सरळ उभा राहिला, हात पाठीमागे. रांगेत सात-आठ माणसं होती.

"एमिल सेबोल," बर्नाडीनने पुकारलं. आवाज तिने खाली येऊ दिला नाही. "रिपब्लिकन."

रांगेतला चेस्टर वार्गो तोंडातला घारगा तसाच ठेवून म्हणाला, "अरे एमिल, चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलास की काय?"

"नाही," एमिल म्हणाला. "आमंत्रण आहे." मतपत्रिका घेऊन तो आडोशाला गेला.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्याच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. डबा उघडला नाही.

"कधीपासून?"

"गेल्या दोन निवडणुकांपासून."

"म्हणजे आठ वर्षं! मी टीव्हीवाल्याला छाती ठोकून सांगत होते, तेव्हा तू मागे उभा होतास."

"होतो."

"आपली दोन मतं, म्हणत होते मी."

"एकमेकांना खाऊन बसली होती ती," एमिल म्हणाला. "एकही उरलं नव्हतं."

तिला त्या पक्षाचा राग आला नव्हता. तिच्या सख्ख्या भावाने दहा वर्षांपूर्वी पक्ष बदलला, तरी नाताळाला तो त्यांच्याकडेच जेवत होता. तिला लागलं ते हे, की आठ वर्षं एकाच टेबलावर समोर बसून या माणसाने तिला वेड्यात काढलं. डोळे भरून आले आणि ते भरले म्हणून ती आणखीच चिडली.

"मग आता फॉर्मचं सोंग कशाला? नोव्हेंबरात काय, हवं त्याला मत देता येतं, कोण बघतं? आणि तुमचा उमेदवार मार्चमध्येच ठरलाय. आजच्या मताला काडीची किंमत नाही."

"उमेदवारासाठी नाही भरला फॉर्म." एमिल काचेतून बाहेर बघत होता. "घरी तीनदा सांगायला आलो. तोंड उघडेना. म्हटलं, वहीत येऊ दे. वही तूच वाचतेस."

बर्नाडीन त्याच्याकडे वळली.

"आणि तेही सगळ्या गावासमोर?"

"गावासमोर तू ओरडणार नव्हतीस."

हे खरं होतं. तिने डबा तसाच त्याच्या मांडीवर ठेवला, ट्रकचं दार उघडलं आणि खाली उतरली.

"आठला केंद्र बंद होतं. न्यायला ये," ती म्हणाली. "घरी रांग नसते. तिथे ओरडणार आहे मी."

"येतो," एमिल म्हणाला.