मिठावरचा हात

मी मिठाची बरणी बोलतेय. रोह्यात, दोन खोल्यांच्या एका घरात, गॅसच्या शेगडीच्या डाव्या हाताला माझी जागा आहे. वरून तपकिरी, खालून पांढरी, चिनी मातीची, झाकणाला एक टवका. दिसायला मी काही फार नाही, पण या घरात माझ्यावाचून कुणाचा घास गिळला गेलेला नाही, एवढा ताठा मला आहे. तो असू दे.

मला पेणच्या बाजारातून सरूच्या आईने आणलं. सरूचे वडील कान्हू मिठागरात राबणारे. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला खड्या मिठाने गळ्यापर्यंत भरलं आणि म्हणाले, "घरात दुसरं काय बी संपलं तरी चालंल गो, ह्ये संपू देऊ नको."

मिठागरातल्या माणसांचे मिठाबद्दल नेम असतात. मीठ हातात द्यायचं नाही, खाली ठेवायचं; हातात दिलं की भांडण लागतं. आणि मिठावर हात ठेवून बोललेला शब्द मोडायचा नाही. सरूने हे दोन्ही नेम सासरी आणले आणि अगदी काटेकोर पाळले.

तिचा नवरा प्रणित धाटावच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. माणूस खाण्याचा शौकीन. शिफ्टवरून आला की हातपाय धुवायच्या आधी माझं झाकण उघडायचा, कैरीची फोड नाहीतर चिंचेचं बुटूक मिठात बुडवायचा आणि डोळे मिटून चोखायचा. सरू ओरडायची, लेक मनस्वी हसायची. जेवताना आमटीचा पहिला भुरका मारून तो निकाल द्यायचा, "आज हात सढळ पडला," किंवा "आज माहेरची आठवण कमी झाली वाटतं." दिवसभर धुणं, भांडी, पाणी, शाळेचा डबा अशा रगाड्यात सरूला त्या एका वाक्याची वाट असायची. तसं ती कधी बोलली नाही, पण तो भुरका मारेपर्यंत तिचा डाव भातातच थांबायचा. मी रोज बघत होते.

मग गेल्या पावसाळ्यानंतर कैरी आणि चिंच बंद झाली. निकालही बंद झाला.

प्रणित जेवताना लेकीच्या हाताकडे बघू लागला. मनस्वीने ताटातलं मीठ चिमटीत घेऊन आमटीत टाकलं, की मागोमाग तोही टाकायचा. तिने नाही टाकलं, तर तोही गप्प जेवायचा. सात वर्षांच्या पोरीची नक्कल करत बाप जेवतोय, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. पण बरणीला तोंड असतं ते फक्त भरायला आणि उपसायला. मी कोणाला सांगणार?

सरूलाही संशय आलाच. एके दिवशी मनस्वी शेजारी जेवायला गेली होती. सरूने मुद्दाम मला हातच लावला नाही. आमटी अळणी, भाजी अळणी. प्रणितने सगळं चाटूनपुसून खाल्लं.

"मीठ बरं हाय?" तिने विचारलं.

"एकदम बरोबर."

"आज मिठाला हातच लावला नाय मी," ती म्हणाली. मग त्याने कबूल केलं. चार महिने झाले होते, नाक बधिर झालं होतं, जिभेला काही कळत नव्हतं. एकदा ड्रम उघडताना वाफ अंगावर आली होती, त्यानंतरचं हे. दवाखान्यात गेला नव्हता, कारण गेला असता तर कंपनीत कळलं असतं. त्याच्या खात्यात गळती आधी माणसाच्या नाकाला कळते, मीटर मागाहून बोंबलतो. वास न येणाऱ्याला तिथे कोण ठेवणार?

सरू म्हणाली, उद्याच सांगून टाका. तो म्हणाला, सांगितलं की उद्याच घरी. दोघं बराच वेळ असंच बोलत राहिली. शेवटी त्याने मला उचलून तिच्यापुढे ठेवलं आणि झाकण काढलं.

"ठेव हात. कुणाला सांगणार नाय म्हण."

तिने ठेवला. तिची बोटं माझ्या मिठात खोल रुतली. बाप मिठात राबलेला, तिला यातून सुटका नव्हती. त्या क्षणी मला माझा राग आला. चांगलं लोणचं भरलं असतं माझ्यात, तर बरं झालं असतं.

त्यानंतर घरात तोंडाला कुलूप. तो डबा घेऊन निघाला की सरू दारात उभी राहायची, आणि तो परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला. कंपनीचा भोंगा वाजला तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं.

मग तो रविवार आला. सरू गिरणीवर दळण घेऊन गेली होती. प्रणितने दूध तापत ठेवलं आणि तिथेच पाटावर बसून दाढी करू लागला. मनस्वी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस मात्र चालू राहिला. तो माझ्या पायथ्यावरून खाली उतरत होता. प्रणित दोन हातांच्या अंतरावर बसलेला, गालाला साबण लावत होता. मनस्वी म्हणाली, "पप्पा, डोकं दुखतंय." तो म्हणाला, जास्त वेळ रंगवू नको.

सरू दारातूनच किंचाळली. दळणाचा डबा टाकून तिने रेग्युलेटर फिरवला, खिडक्या उघडल्या, पोरीला उचलून अंगणात नेलं. पोरीने तिच्या खांद्यावर ओकारी काढली. प्रणित साबण लावलेल्या तोंडाने तिच्या मागे आला आणि विचारू लागला, "काय झालं गो?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. मी इतकं भयंकर वाक्य या घरात दुसरं ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर सरूने माझ्या झाकणावर हात ठेवला. "माफ कर," एवढंच म्हणाली. मग तिने त्याच्या सुपरवायझरला, जितेशला, फोन लावला. "जितेशभाऊ, ह्यांना वास येत नाय. ड्रमजवळ उभं करू नका," असं तिने सांगितलं. तिला वाटलं होतं, दुसरं काम देतील. पण तपासणी झाली आणि आठवड्याच्या आत ठेकेदाराने गेटपास काढून घेतला. नाक आधीपासूनच तसं असणार, असं म्हणून कंपनीने हात वर केले.

कोणी सांगितलं, हे प्रणितला विचारावं लागलं नाही. त्या दिवसापासून तो सरूशी बोलेनासा झाला. मीठ कोणी कोणाच्या हातात दिलं नाही, तरी भांडण लागलंच.

आता धाटावला सरू जाते, दुसऱ्या एका कंपनीत, पॅकिंगला. घरचं सगळं प्रणित बघतो. केर काढतो, भांडी घासतो, लेकीची वेणी वाकडी का होईना घालतो. स्वयंपाकही करतो. माझ्यातून अर्धा चमचा मोजून मीठ घेतो आणि मनस्वीला चाखायला देतो. ती मान डोलावते, मग पातेलं उतरतं. शेगडीपाशी आता तो कधी बसत नाही, उभाच राहतो.

परवा मनस्वी पेणला आजोबांकडे गेली होती. चाखायला कोणी नव्हतं. प्रणितने आमटीत अर्धा चमचा टाकला, मग भाजी चिरली, आणि तोवर आपण टाकलं की नाही ते त्याला आठवेना. पुन्हा टाकलं. काही वेळाने तिसऱ्यांदा. मी बघत होते, पण झाकण काही आपोआप लागत नाही.

सरू थकून आली. तिने पहिला भुरका मारला आणि थांबली. तो समोर उभा होता, हातात डाव. दोन महिन्यांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

"मीठ बरं हाय?"

सरूने पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. "एकदम बरोबर," ती म्हणाली, आणि ताट पुसून जेवली.

बाई गो, माझ्यावर हात ठेवून दिलेल्या शब्दातून तुला मी केव्हाच मोकळं केलं. पण बरणीचं कोण ऐकतं? तुम्ही कोणी या घरी जेवायला आलात, तर पहिल्या घासाला तोंड वाकडं करा आणि मोठ्याने सांगा की आमटी खारट झालीय. कोणीतरी एकदा खरं बोला इथे.