पटावरून कमी

“आई, नीट ऐक. यादीत अनोळखी कुणी दिसलं की काढून टाकायचं. काढायचं तुझ्याकडे, घालायचं माझ्याकडे. कुणी कितीही गोड बोललं तरी घालायचं काम माझं.”

मुलाचे हे शब्द बाईंना रोज सकाळी दहा वाजता आठवत. आज ते आठवले तेव्हा फोन त्यांच्या हातात होता, हजेरीची वही मांडीवर होती, आणि वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ ओल्या हातांनी दारात उभी होती.

“ताई, आपलं नेट चालू आहे ना?”

“चालू आहे की. का गं?”

“दवाखान्यातून सिस्टरचा फोन होता. ह्यांच्या यंत्राचं कालपासून तिकडे काहीच पोचत नाही म्हणाल्या. दिवा तर लागलाय. पण हिरवा नाही, पिवळा.” जावेने हात पदराला पुसले. “काल हे घरी यायच्या आधी मी खोली पुसून काढली ना, तेव्हाच काहीतरी हललं असणार. सकाळपासून हे तेच लावून बसलेत. तुझा फडका नि तुझे हात.”

“कुठलं यंत्र?”

“अहो, ते छातीला चिकटवतात त्याचा डबा. पलंगाशेजारी असतो तो. गेल्या खेपेला दवाखान्यातून दिला होता ना? जाताना मी त्याचं बटण बंद करून गेले होते, काल आल्यावर लावलं.”

बाईंनी वही मिटली. मग पुन्हा उघडली.

“तू हो पुढे. मी बघते,” त्या म्हणाल्या.

घर एक, मजले दोन आणि नेट एकच. ते घेतलं होतं बाईंच्या मुलाने. तो जहाजावर नोकरीला. रोज संध्याकाळी सहाला अर्धा तास त्याला तिथून आईशी बोलता येई, तेवढ्यासाठीच सगळा खटाटोप. पण जावेचा हात सढळ. गल्लीतली माणसं पाणी मागितल्यासारखा पासवर्ड मागत, आणि ती पाणी दिल्यासारखा देई. इस्त्रीवाला, समोरच्या दुकानातली दोघं, कुणाचे कुणाचे भाचे. मुलाचा फोन आला की त्याचं तोंड उघडं ते उघडंच राही आणि आवाज मिनिटभराने येई. मागच्या सुट्टीत त्याने एका बैठकीत सगळं बंद करून टाकलं. आता नुसत्या पासवर्डने भागत नव्हतं; यादीत नाव असेल त्यालाच आत प्रवेश. जावेला ते लागलं. तिचा स्वतःचा फोन बटणांचा, त्याला नेट लागतच नव्हतं. पण गल्लीत तिची मान खाली गेली होती.

यादी सांभाळायचं काम बाईंकडे आलं, आणि बाईंनी ते आपल्या पद्धतीने केलं. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं होतं. जाड पुठ्ठ्याच्या वहीत त्यांनी नेटचा पट तयार केला. एक नंबर स्वतःचा फोन, दोन नंबर खालचा टीव्ही, तीन भाऊजींचा फोन, चार वरचा टीव्ही. पाचवं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मुलानेच ते घातलं होतं, पण कुणाचं ते सांगायचं राहून गेलं. बाईंनी तेव्हा जिन्यात उभं राहून जावेला विचारलंही होतं.

“असेल काहीतरी ह्यांचं,” जाऊ म्हणाली होती. “आम्ही वरची माणसं. आम्हाला काय कळतंय त्यातलं.”

टोमणा कळला होता. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

रोज दहाला हजेरी. हा नेम एक दिवस चुकला नाही. भाऊजींना दवाखान्यात नेलं त्या दिवशीही नाही. भाऊजींच्या फोनसमोर त्यांनी बारा दिवस ‘र’ लिहिलं. र म्हणजे रजा. पाचव्याच्या रजेचा अर्ज कुणीच दिला नव्हता. त्याच्यासमोर रोज एक काट पडत गेली. शाळेचा नियम होता, सलग दहा दिवस न कळवता गैरहजर राहिलं की पटावरून नाव कमी. अकराव्या दिवशी बाईंनी लाल खुणेवर बोट ठेवलं. फोनने विचारलं, कायमचं काढायचं? बाईंनी हो म्हटलं. वहीत पट्टी लावून लाल शाईने रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘नाव कमी केले’.

ती रेघ आता त्यांच्यासमोर होती. परवाची.

त्यांनी फोनवर ते नाव शोधलं. सापडलं. घालायचं म्हणून दाबलं. ‘मालकाकडे विनंती पाठवली आहे,’ असं उमटलं आणि खाली एक छोटं चक्र फिरत राहिलं. बाईंनी मुलाला फोन लावला. लागणार नाही हे माहीत होतं, तरी तीनदा लावला. मग नेट बसवून गेलेल्या माणसाला लावला.

“मावशी, सगळं पुसून नव्याने करता येईल, नाही असं नाही. पण ओटीपी तुमच्या मुलाच्या फोनवर जाणार.”

“अहो, पण घर माझं आहे.”

“घर तुमचं, नेट त्यांचं,” तो म्हणाला. उद्धटपणे नव्हे, समजावणीच्या सुरात. म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं.

शेवटी त्यांनी सिस्टरना फोन केला. सिस्टर घाईत होत्या, पण आवाज मऊ होता.

“यंत्र तुमच्या घरच्या नेटवरच बसवलंय, आजी. दुसऱ्यावर घ्यायचं तर आमचा माणूस यावा लागतो, तो परवा येईल. तोवर घरात नाडी मोजता येते का कुणाला?”

“मला येते. शाळेत प्रथमोपचाराचा तास मी घ्यायचे.”

“छान. मग दर तासाला मोजा, लिहून ठेवा. एकशेवीसच्या वर गेली, पन्नासच्या खाली आली, घाम फुटला, छातीत दुखलं, यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका. सरळ घेऊन या. एरवी यंत्र आम्हाला आधी सांगतं हो. हे पहिले सात दिवस तेवढ्यासाठीच असतात.”

आधी सांगतं. बाईंनी फोन ठेवला आणि सेकंदकाट्याचं घड्याळ शोधून मनगटाला बांधलं.

वरच्या खोलीत भाऊजी उशांना टेकून बसले होते. उभा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. हातांची कातडी अजून जाड, पण हात मात्र पांघरुणावर परक्यासारखे पडलेले.

“या वहिनी. आज तपासणी अधिकारी आमच्या वर्गावर?”

“बोलू नका. हात द्या.”

“नापास करू नका म्हणजे झालं.”

पहिली मोजणी अठ्ठ्याऐंशी. मधेच एक ठोका पडतच नव्हता, आणि मग पुढचा दोघांचा भार घेऊन आल्यासारखा जोरात येई. बाईंनी आकडा लिहिला. जाऊ पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

“बरोबर आहे ना, ताई?”

“ठीक आहे.”

“ठीक असायला तो डबा चालायला हवा,” भाऊजी तिच्याकडे न बघता म्हणाले. “शंभरदा सांगितलं, यंत्राच्या वाटेला जाऊ नको. पण हिला धूळ दिसली की राहवत नाही.”

एरवी जाऊ एकाला चार ऐकवायची. आज ती खाली बसली, डब्याची वायर काढून पुन्हा लावली, फुंकर मारली आणि मग लहान मुलाचा ताप बघावा तसा डब्यावर तळहात ठेवून राहिली. दिवा पिवळाच.

आता सांगावं, असं बाईंना वाटलं. तोंड उघडलंही. पण सांगून दिवा हिरवा थोडाच होणार होता? आणि भाऊजींसमोर? त्यांचा श्वास वाढला तर? संध्याकाळी सहाला मुलाचा फोन येईल, तो एक बोट लावेल, सगळं आपोआप जागेवर बसेल, मग कुणाला काही सांगायची गरजच काय. हा विचार मनात आला तशी त्यांना स्वतःची लाज वाटली. पण तो गेला नाही.

अकराला एक्याण्णव. बाराला नव्वद. जेवणं कशीबशी झाली. जावेने दोघांना वाढलं आणि आपलं ताट झाकून ठेवलं. तीनला शहाण्णव. प्रत्येक वेळी खाली आलं की बाई फोन बघत. चक्र फिरतच होतं. चारला त्या राउटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. त्यांचा फोन आत होता, खालचा टीव्ही आत होता. वरचा टीव्ही आज दिवसभर कुणी लावला नव्हता, तरी तोही आतच होता.

“तू तरी ऐक रे,” त्या राउटरला म्हणाल्या, आणि इकडेतिकडे बघून गप्प झाल्या.

पाचला अठ्ठ्याण्णव.

सहाला त्या फोन हातात घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. हवा वाईट असली की जहाजावर कुणालाच फोन मिळत नाही, दोन दोन दिवस मिळत नाही, हे मुलाने पूर्वी सांगितलेलं होतं. पावणेसातला त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या. सहाची मोजणी राहिली होती. छत्तीस वर्षांत त्यांचा तास कधी असा चुकला नव्हता.

वर खोलीत दिवा लावलेला होता. जाऊ स्वयंपाकघरात होती, नळाचा आवाज येत होता. बाईंनी भाऊजींचा हात घेतला, नाडीवर तीन बोटं ठेवली आणि काट्याकडे बघू लागल्या.

“वहिनी,” भाऊजी हळू म्हणाले, “किती दिवस गैरहजर राहिलं की तुम्ही पोराचं नाव काढायचात?”

बाईंची मोजणी चुकली.

“दहा,” त्या म्हणाल्या.

“मी बारा दिवस नव्हतो.”

बाईंच्या बोटांखाली एक ठोका आला, एक आला नाही.

“वायर हलली असती तर दिवा विझला असता,” भाऊजी म्हणाले. “विझलेला नाही. पिवळा आहे. म्हणजे यंत्र दारापर्यंत जातंय, आतून कडी लागलीय. तेवढं कळतं मला. आयुष्य यंत्रांतच काढलं.”

“भाऊजी, मी…”

“तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हेही कळतं.”

“त्याच्याशिवाय घालता येत नाही हो. मला फक्त काढता येतं.” बाईंचा आवाज बारीक झाला. “दिवसभर बघतेय. आज त्याचा फोनही आला नाही.”

“असू दे.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“दुपारी. पडल्या पडल्या दिव्याकडे बघत होतो तेव्हा.”

“मग तिला तसं…” बाई थांबल्या.

“सकाळी बोलून बसलो. दुपारी कळलं. मग जीभ वळेना. नवऱ्याची जीभ वहिनी, पुढे चालते, मागे येत नाही.” ते जरा हसले आणि खोकले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी नुसताच हातात धरला. “तिनं सकाळपासून तोंडात घास घातलेला नाही. मघाशी विचारत होती, तुम्हाला काही झालं तर ते माझ्या हातून झालं असंच ना? मी झोपल्याचं सोंग केलं.”

नळ बंद झाला, भांड्यांचा आवाज झाला, नळ पुन्हा सुरू झाला.

“माझं व्हायचं ते होईल. ते ना तुमच्या हातात, ना त्या सिस्टरच्या. पण हे तिच्या माथी नको राहायला. मी सांगितलं तर तिला वाटेल समजूत काढतोय. तुम्ही सांगितलंत तर खरं वाटेल.”

बाई मान खाली घालून बसल्या होत्या. गेली काही वर्षं दोघी एकमेकींशी जिन्यापुरत्या बोलत होत्या. ह्यानंतर तेवढंही उरेल का, कोण जाणे.

“सांगाल ना?”

“सांगते.”

“मी असा बोलता-चालता आहे तोवर सांगा. मागून सांगितलंत तर त्याचा उपयोग नाही.”

“आत्ता सांगते.”

“आधी मोजून घ्या,” भाऊजी म्हणाले आणि हात पुढे केला. “तास चुकलाय तुमचा.”

बाईंनी पुन्हा बोटं ठेवली. काटा पूर्ण फिरला. एकशेचार. त्यांनी आकडा लिहिला, शेजारी वेळ लिहिली, आणि पेन वहीत घालून वही पलंगावरच ठेवली.

मग त्या उठल्या. खोलीपासून स्वयंपाकघराचं दार सात-आठ पावलांवर होतं. जाऊ पाठमोरी उभी होती, नळ सोडून, घासलेलंच भांडं पुन्हा घासत. पाण्याच्या आवाजात तिला चाहूल लागली नाही. नळ बंद होईपर्यंत थांबावं, असं बाईंच्या मनात एकदा येऊन गेलं. त्या थांबल्या नाहीत.