एक डावा बूट

"दुसरा कुठंय?" घारीने विचारले.

"दुसरा नाही घेतला," मुलगी म्हणाली.

घारीने तरीही पिशवी टेबलावर उलटी केली. मोज्यांची जोडी, तिची पावती, कंगवा, पाण्याची बाटली आणि तपकिरी रंगाचा एक पुरुषी बूट. डावा.

घार हे तिला दुकानातल्या पोरांनी ठेवलेले नाव. तोंडावर सगळे मावशीच म्हणत. साध्या कपड्यांत, हातात टोपली घेऊन ती दिवसभर गिऱ्हाइकासारखी हिंडे आणि कोणी पैसे न देता वस्तू बाहेर नेली की दाराबाहेर त्याला गाठे. दाराच्या आत कोणाला हात लावायचा नाही, हा नियम. आत असेपर्यंत माणूस "विसरलो" म्हणू शकतो. इतक्या वर्षांत तिने अत्तरे पकडली, दाढीची पाती पकडली, एकदा एका गृहस्थाच्या कोटात टिकटिकणारे भिंतीवरचे घड्याळ पकडले. एकटा बूट मात्र पहिल्यांदाच. दुकानात फळीवर नुसते डावे बूट मांडत, उजवे आत गोदामात असत. पैसे न देता नेल्यास दारात वाजणारा बिल्लाही उजव्यालाच लावत. एकटा डावा कोण नेणार?

मॅनेजर पोलिसांना फोन करायला गेला. खोलीत त्या दोघीच उरल्या.

"पैसे नव्हते?"

"होते. आहेत."

"मग? मोज्यांचे पैसे दिलेस की रांगेत उभं राहून."

मुलगी बुटाकडे बघत राहिली. वयाने चोविशी-पंचविशीतली, नखे बारीक कापलेली, केस घट्ट बांधलेले.

"बाबांचा उजवा पाय गुडघ्यापासून काढलाय," ती म्हणाली. "बूट घेतला की जोडच घ्यावा लागतो. उजवे कॉटखाली पडून असतात, कोरे करकरीत. बाबा टाकू देत नाहीत. अधूनमधून एखादा काढून पुसत बसतात. मला ते बघवत नाही. इथल्या पोराला विचारलं, एकच देता का. तो हसला. म्हणाला, 'ताई, अर्धं गिऱ्हाईक आहे का?' मग काय झालं मलाच कळलं नाही. टाकला पिशवीत."

घारीला पुढे बरेच काही विचारायचे होते; पण तेवढ्यात मॅनेजर हवालदाराला घेऊन आला. हवालदार नेहमीचाच. एका खोक्यावर बसून त्याने टोपी मांडीवर ठेवली.

"आज काय, मावशी? अत्तर?"

"बूट."

"जोड?"

"एकच."

"एकच?" त्याने बूट उचलून आत डोकावून पाहिले, जणू दुसरा आतच असावा. "हे नवीन आहे."

त्याने लिहायला घेतले आणि किमतीपाशी हात थांबवला. चिठ्ठीवरची किंमत बघून तो मुलीला म्हणाला, "बाई, सगळं किमतीवर असतं. एका रकमेच्या खाली असलं तर किरकोळ. ठाण्यात समज देतात, दंड भरायचा, संपलं. वर गेलं की कोर्ट. ते मग पाठ सोडत नाही. कुठं नोकरी लागली की आम्हाला विचारणा येते, आम्ही बघून कळवतो. काय करता तुम्ही?"

"नर्सिंग झालंय. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. मोठ्या इस्पितळात." शेवटचे शब्द तिने अगदी हळू उच्चारले.

"अरेरे," हवालदार म्हणाला. "ही किंमत वर जातेय. थोडीशीच, पण वर."

"ती जोडाची किंमत आहे," घार म्हणाली.

"मग जोडाचीच लावायची," मॅनेजर म्हणाला. "डावा गेल्यावर उजव्याला कोण विचारतं? नुकसान जोडाचं."

हवालदाराने मान हलवली. "यांचंही बरोबर आहे." मग त्याला काय वाटले कोणास ठाऊक, त्याने खिशातून पाकीट काढले. "साहेब, मला हा एवढा एक विकत द्या."

"एक नाही विकत आम्ही."

"म्हणजे एकाला किंमतच नाही?"

"आहे ना. पण सुटी नाही."

"लग्नासारखं आहे तुमचं," हवालदार म्हणाला. मॅनेजर हसला नाही. "बरं मावशी, पकडलं तुम्ही. तुमचा जबाब सांगा. काय पकडलंत?"

घारीने असे जबाब आजवर ढिगाने दिले होते. वस्तू, रंग, चिठ्ठीवरची किंमत. मग सही करून परत टोपली घेऊन बाहेर. पकडलेला माणूस मागच्या दाराने जाई आणि त्याचे पुढे काय झाले ते तिला कधीच कळत नसे.

"एक बूट," ती म्हणाली. "डावा. उजवा तिच्याजवळ नव्हता. तो गोदामातून हललाच नाही."

"मावशी, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?" मॅनेजरने विचारले.

"दुकानाच्याच, साहेब. पण जे हातात आलं तेच सांगणार ना."

हवालदाराने "बूट, डावा, नग एक" असे लिहिले आणि समोर किमतीचा निम्मा आकडा घातला. किरकोळ. मॅनेजर दार आपटून निघून गेला.

"म्हणजे आता कोणाला कळणार नाही ना?" मुलीने विचारले.

"आमच्याकडून नाही जाणार," हवालदार टोपी घालत म्हणाला. "पण इस्पितळाच्या कागदावर तुम्हालाच विचारतात, कधी पोलिसांनी धरलं होतं का. किरकोळ की मोठं, ते नाही विचारत. तिथं काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मुलगी मागच्या दाराने त्याच्याबरोबर गेली. घारीने बूट रुमालाने पुसून फळीवर ठेवला. काय लिहील ही? पुढे कितीतरी दिवस बुटांच्या फळीजवळून जाताना तिच्या मनात हाच प्रश्न येई.

थंडी सरत आली तेव्हा ती दोघे आली. कुबड्या घेतलेला उंच म्हातारा आणि मागे ती. घारीला बघताच मुलगी जागच्या जागी थबकली. घारीने टोपलीतला टॉवेल उलगडून त्याची शिवण तपासायला घेतली.

म्हातारा स्टुलावर बसून बूट चढवत होता. "ताई," त्याने घारीलाच हाक मारली, "हा रंग बरा दिसतो का? आमच्या हिला काही विचारलं की सगळंच छान म्हणते."

"चांगलाय, काका. मळखाऊ आहे."

"बघ!" तो मुलीकडे वळला, मग पुन्हा घारीकडे. "नर्स आहे माझी लेक. मोठ्या इस्पितळात निवड झाली होती, पण गेली नाही. म्हणे, तुम्हाला एकट्याला टाकून कशी जाऊ? मी म्हटलं, अगं, एक पाय गेलाय, डोकं नाही. ऐकलं नाही. आता इथंच वृद्धाश्रमात जाते, म्हाताऱ्यांचं करायला. हट्टी आहे."

मुलगी खाली वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली तरी तिने मान वर केली नाही.

"तुमच्यावरच गेलीय," घार म्हणाली.

म्हातारा खूश झाला. दुकानातल्या पोऱ्याने उरलेला उजवा खोक्यात भरायला घेतला, तसा त्याने हात आडवा केला. "तो राहू दे इथंच. घरी बरेच झालेत, नुसते पुसावे लागतात."

मुलीने पूर्ण जोडाचे पैसे दिले. जाताना दारापाशी थांबली, पावती उलगडली आणि कोणी मागितली नसताना घारीपुढे धरली. घारीने ती पूर्ण वाचली, घडी घालून परत दिली. "जा," ती हळूच म्हणाली.

"मावशी, ह्याचं काय करू?" पोऱ्याने उजवा बूट उचलून विचारले.

घारीने तो घेतला आणि डाव्यांच्या रांगेत मधोमध ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "कोणीतरी विचारेल."